चौदांतला एक शब्द

फूचौ, सन १९३४. तारखा जुन्या पंचांगाच्या. नव्या तारखा बाबांना चालत नाहीत आणि वही त्यांनी आणलेली आहे.

आठवा महिना, वीस

आज हमामाच्या दारावर आमच्या काव्यमंडळाचे नवे शब्द लागले: 'दार' आणि 'मीठ'. वरच्या ओळीत तिसरा शब्द दार हवा, खालच्या ओळीत तिसरा शब्द मीठ. ओळी सात-सात शब्दांच्या, आणि प्रत्येक शब्दासमोर त्याच्याच जातीचा शब्द: वस्तूसमोर वस्तू, गुणासमोर गुण. दिलेल्या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसावा, आणि जोडओळ वाचून मात्र वाटावं की ते एकाच घरात वाढले. खेळ एवढाच आहे. पण त्याच्यापायी गावातली शहाणीसुरती माणसं दहा-दहा दिवस जेवताना बोटांवर शब्द मोजत बसतात.

शब्द बाबा काढतात. दर वेळी डोळे मिटून कोश उघडतात, बोट पडेल तो शब्द घेतात. आज चहा पितापिता एकदम म्हणाले, "लिही. दार. मीठ."

मी म्हटलं, "आणि कोश?"

"कोश बिघडलाय."

कोश कसा बिघडेल? बहात्तरावं लागलं, दुसरं काय.

मी मंडळाची लेखनिक. सभासदांच्या यादीत माझं नाव नाही, बायकांचं नसतंच. पण हमामातल्या पेटीत पडलेला प्रत्येक कागद आधी माझ्या हातात येतो. अक्षरावरून माणूस कळू नये म्हणून मी सगळ्यांच्या ओळी एकाच ठसठशीत, निर्जीव अक्षरात उतरवते आणि मूळ कागद तिथल्याच चहाच्या शेगडीत घालते. मग परीक्षक, म्हणजे बाबा, क्रम लावतात. पहिल्या आलेल्या ओळी सभेत गाऊन दाखवतात आणि ज्याच्या असतील त्यानं उठून स्वतःचं नाव पुकारायचं. त्याला पौर्णिमेला आमच्या घरी जेवण. बदक मी रांधते. नऊ वर्षांत बदकाला नाव ठेवलेलं नाही कुणी.

आठवा महिना, चोवीस

पेटीत तेवीस कागद. सतरावा उघडला आणि पुन्हा मिटला.

'मीठ' लिहिताना शेवटचा फराटा आत वळवायचा, जणू कुणी ते अक्षर उचलून नेईल, असं लिहिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय. आणि तो इथे नाही.

बाकीचे सहा कागद उतरवले. त्यात दोन चुका केल्या.

आठवा महिना, पंचवीस

को यानशेंग. लिहून टाकलं एकदाचं.

अकरा वर्षांपूर्वी त्याच्या घरून मध्यस्थ बाई त्याच्या जन्मवेळेची चिठ्ठी घेऊन आली होती. रीतीप्रमाणे ती तीन दिवस चुलीच्या देवाखाली ठेवली. तेवढ्या दिवसांत घरात काही फुटलं नाही तर देवाची संमती. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून वाडगा निसटला. हात आनंदानं थरथरत होते, कारण एवढंच. पण देवाला कारणं कोण सांगत बसणार? बाबांनी तुकडे पाहिले आणि चिठ्ठी परत पाठवली. चार महिन्यांनी यानशेंग समुद्रापार सिबूला शाळामास्तर म्हणून निघून गेला.

नंतर मला आणखी दोन स्थळं आली. त्या वेळचे वाडगे मी मुद्दाम फोडले.

आठवा महिना, सत्तावीस

हमाम डंगकाकूंचा. नवरा गेल्यापासून गल्ल्यावर त्याच बसतात आणि गावातली कुठलीही गोष्ट आधी त्यांच्याकडे अंघोळ करून मगच पुढे जाते. मला बघताच म्हणाल्या, "काय गं, तिसऱ्यांदा पेटी उघडायला आलीस आठवड्यात! आत अंडी घातलीत वाटतं कुणी?"

"कागद फार येतायत काकू."

"येणारच. तुझा सिबूवाला आलाय ना."

"माझा कोण?"

"बरं, माझा म्हण. आईचं तिसऱ्या वर्षाचं करायला आलाय. पुलापलीकडे बहिणीकडे उतरलाय. रोज दुपारी येतो, तासभर ऊन पाण्यात बसतो. बोलेल तर शपथ! मला वाटलं शिजला की काय, म्हणून परवा पोऱ्याला बघायला पाठवलं."

"एकटाच आलाय?" माझ्या तोंडून गेलंच.

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बायको होती. चार वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. पुढच्या महिन्यात सतराला त्याची आगबोट आहे. घरी बोलाव की त्याला."

"मी कशी बोलावू?"

"मग बाबांना सांग."

"बाबा? चिठ्ठी परत पाठवलेल्या माणसाला? ते बोलावणार नाहीत, आणि बोलावल्याशिवाय हा उंबरा ओलांडणार नाही."

"मग बसा तिघंही," म्हणाल्या आणि टॉवेल मोजायला लागल्या.

त्याची बायको गेली हे ऐकून वाईट वाटलं. मग फार वाईट वाटलं नाही याचं वाईट वाटलं.

घरी येताना पुलावर एकदम सुचलं. पहिला येईल त्याला आमच्याकडे जेवण! कुणी कुणाला बोलवायला नको, कुणी मान वाकवायला नको. नियमच त्याला हाताला धरून आमच्या घरात आणेल.

नववा महिना, दोन

आज सतरावा कागद उतरवायला घेतला. त्याच्या ओळी अशा:

जुन्या गल्लीत दार बंद, दिवा अजून जागा
परक्या बंदरात मीठ स्वस्त, घास तरीही अळणी

खालची ओळ वाचली आणि पंखा घेऊन अंगणात जाऊन बसले. अकरा वर्षं एखादा माणूस काय जेवला हे सात शब्दांत कळतं. तिथे त्याच्या ताटात मी मीठ वाढत नव्हते, एवढंच डोक्यात येत राहिलं. मला त्याची आठवण येते. रोज येते असं नाही, पण जेवताना येते, आणि जेवण रोज असतं.

मग लेखनिक म्हणून विचार केला. खालची ओळ पहिल्या नंबराची आहे. वरची लंगडते. 'स्वस्त' म्हणजे मुबलक. त्याच्यासमोर 'बंद' कसा चालेल? एकीकडे भरपूर आणि दुसरीकडे नाही! बाबा तिथेच बोट ठेवणार आणि ओळी सहाव्या-सातव्या नंबरावर घालणार. स्वस्तासमोर 'उघडं' हवं. सगळं आहे, दार उघडं आहे, दिवाही आहे, आणि तरी जे हवं ते नाही. तसं केलं तर दोन्ही ओळी एका तालात चालतात. हे कुणालाही दिसेल. यात माझं काही नाही, ओळीचीच ती गरज आहे.

उतरवताना 'उघडं' लिहिलं. मूळ कागद शेगडीत घातला. हात थरथरले नाहीत.

नववा महिना, पाच

बाबा दोन दुपारी एकाच पानावर बसले होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी विचारलं, "डोळ्यांना त्रास होतोय का?" तर म्हणाले, "नाही, दिसतंय." मोतीबिंदू वाढला असणार. वैद्यांना सांगायला हवं.

बदक सांगून ठेवलं. लवकर सांगितलं म्हणून काही बिघडत नाही.

नववा महिना, नऊ

कसं लिहू?

आज नवमीची सभा. दुपारी आकाशात पतंगच पतंग, मंडळात नऊ पदरी तांदळाच्या वड्या आणि शेवंतीची दारू. हमामाच्या माडीवर सत्तरेक माणसं. बाहेरची मंडळी मागे खिडकीपाशी बसतात. तो तिथे होता. निळा अंगरखा, कानशिलावरचे केस विरळ झालेले. बसायची पद्धत तीच, ज्याला कधीही उठून जायला सांगतील अशा माणसासारखी. मी कोपऱ्यातल्या माझ्या टेबलाशी, शाई घोटत.

सभेत ओळी गाणारे लियावमास्तर दहाव्या नंबरापासून वर येत येत पहिल्यावर आले. त्यांचा गळा अजून खणखणीत आहे. "जुन्या गल्लीत दार उघडं..." असं उचललं आणि वड्या खाणारे हात थांबले. खालची ओळ झाली तेव्हा दोघा-तिघांनी मांडीवर थापा मारल्या. मी दौतीकडे बघत होते. आता तो उठेल, नाव पुकारेल. आता.

कुणी उठलं नाही.

लियावमास्तरांनी पुन्हा गायलं. तिसऱ्यांदा गायलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. "अरे, कुणाचं आहे? मालक झोपलाय की काय?" कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. मी मान वर केली तर तो सरळ माझ्याकडे बघत होता. डोळे हलतच नव्हते. चिडला असणार. त्याच्या ओळीला हात लावला, का नाही चिडणार?

बाबा म्हणाले, "आणखी एकदा."

लियावमास्तरांनी कुरकुरत चौथ्यांदा गायलं. बाबांचंही तोंड माझ्याच बाजूला होतं. बहुधा मी पाणी आणून द्यावं असं त्यांना वाटत होतं. मी आणून दिलं. त्यांनी घेतलं नाही.

बेवारशी ओळींचा नियम असा की त्या लाल कागदावर लिहून पुढच्या सभेपर्यंत हमामाच्या दारावर लावायच्या. मालक आला तर आला. तो कागद मलाच लिहावा लागला. वर बघितलं तेव्हा खिडकीपाशी कुणी नव्हतं.

नववा महिना, बारा

डंगकाकू म्हणतात, "तुमच्या कागदानं माझी वाट अडवलीय. पाय धुवायला आलेला गाडीवालासुद्धा उभा राहून वाचतो आणि म्हणतो, बाई, हे खरं आहे. तुझा तो तर येताना वाचतो आणि जाताना वाचतो. पाठ झालं नसेल एव्हाना?"

काय वाचत असेल? माझा गुन्हाच वाचत असणार.

नववा महिना, चौदा

आज ठरवून त्याच्या वेळेला गेले. तो दारातच होता, खांद्यावर ओला टॉवेल.

"लेखनिकबाई," तो म्हणाला. अकरा वर्षांनी माझ्याशी बोललेला पहिला शब्द हा.

मी म्हटलं, "ओळी तुमच्या आहेत. का नाही उठलात?"

"तेरा शब्द माझे आहेत."

"एका शब्दाचं एवढं काय?"

तो कागदाकडे बघत बोलला. "आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमच्या गल्लीत येऊन गेलो. दार बंद होतं. वर खिडकीत दिवा होता. जे पाहिलं ते लिहिलं. उघडं दार मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं माझ्या नावावर कसं पुकारू?"

"'बंद' नं नंबर गेला असता. पहिला यावा म्हणून मी..."

"नंबर?" तो हसला, पण हसण्यात आनंद नव्हता. "मला वाटलं, कुणीतरी मला सांगतंय की दार उघडं आहे. म्हटलं, ज्याचा शब्द आहे तो माणूस आता उठेल. लियावमास्तर गात होते आणि मी तुमच्या टेबलाकडे बघत होतो. चार वेळा गायलं त्यांनी."

 तेवढ्यात मासळीबाजारातले दोघं टोपल्या उतरवून आमच्या मागे उभे राहिले, कागद वाचायला. एकानं तर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आणि मी, मी काय म्हणावं? मी म्हटलं, "लेखनिकाला नाव नसतं."

हे वाक्य कुठून आलं माझ्या तोंडात? नऊ वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले म्हणून आलं असेल. तो म्हणाला, "असं होय," आणि वडीलधाऱ्यांना करतात तसा वाकून नमस्कार करून निघून गेला.

त्या दिवशी तो चिडला नव्हता. वाट बघत होता. आणि मी दौतीत डोकं घालून त्याची वाट बघत होते.

नववा महिना, पंधरा

पौर्णिमा. बदक सांगितलेलं होतं, आलं. तांदळाच्या लाल दारूच्या गाळात मुरवून केलं. तीन वाडगे मांडले. आपोआप मांडले गेले. बाबांनी तिसऱ्याकडे पाहिलं आणि तो उचलायला सांगितलं नाही.

नववा महिना, सतरा

आगबोट आज सकाळी गेली. मी धक्क्यावर गेले नाही. जायला हवं होतं. कपडे करून तयार होते, पायात जोडेही घातले होते. मग वाटलं, तिथे जाऊन काय म्हणू? भाजी निवडत बसले. अशी भाजी मी कधी निवडली नव्हती, चांगली पानं केरात आणि काड्या टोपलीत.

दहावा महिना, नऊ

सभा. बेवारशी ओळी शेवटचं एकदा गाऊन मग लाल कागद जाळायचा, अशी रीत. मी आज शाई घोटली नाही. हात मांडीवर ठेवून बसले.

लियावमास्तरांनी पहिली ओळ गायली, दुसरी गायली आणि सवयीनं इकडेतिकडे बघून कागद शेगडीकडे न्यायला निघाले.

मी उठले. खुर्ची मागे पडली. म्हटलं, "वेंग रुईचिन."

लियावमास्तर म्हणाले, "काय झालं पोरी? पाणी?"

"वेंग रुईचिन," मी पुन्हा म्हटलं. इतक्या मोठ्यानं की खाली अंघोळ करणाऱ्यांनीही ऐकलं, असं काकू मागून म्हणाल्या. "'उघडं' हा शब्द माझा आहे. उतरवताना मी बदलला. बाकीचे तेरा को यानशेंग यांचे."

मग जी ओरड झाली ती व्हायलाच हवी होती. "लेखनिकानंच हात घातला? मग आमच्या ओळींचं काय? नऊ वर्षं कुणाकुणाचं काय बदललं?" कुणाचंच बदललं नव्हतं, एकाचंच बदललं. पण ते कुणाला पटवणार आणि कसं? मी बसले मात्र नाही.

ओरड थांबेपर्यंत बाबा थांबले. मग म्हणाले, "पहिला नंबर रद्द. लेखनिकाचं काम आजपासून हिच्याकडे नाही. फक्त या सभेचं निकालपत्र हिनं पुरं करावं. आणि त्यात ही नोंद राहील: या ओळींतले तेरा शब्द को यानशेंग यांचे, एक शब्द वेंग रुईचिन हिचा."

लियावमास्तर म्हणाले, "रद्द झालेली ओळ निकालपत्रात?"

"राहील," बाबा म्हणाले.

घरी येताना त्यांचा हात धरून चालत होते. पूल आला. मग मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मग त्या दिवशी चौथ्यांदा गायला लावलं ते काय लियावच्या गळ्याला व्यायाम म्हणून?"

"कशावरून ओळखलंत?"

"को यानशेंग 'उघडं' लिहिणार नाही. त्याच्यासाठी ते दार मी लावलंय." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "शब्द योग्य होता. स्वस्तासमोर तोच हवा."

"मग तुम्हीच का नाही बोललात, बाबा?"

ते कठड्याला धरून थांबले. दम लागला होता. "मला वाटलं, तू बोलशील," म्हणाले.

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मीही तेच केलं होतं.

दहावा महिना, अकरा

निकालपत्राच्या चाळीस प्रती. आजूबाजूच्या गावांतल्या मंडळांना जातात, समुद्रापार आपल्या माणसांची चार-पाच वाचनालयं आहेत त्यांनाही जातात. सिबूची प्रत शेवटी ठेवली होती. तेरा शब्द लेखनिकाच्या अक्षरात लिहिले आणि चौथा माझ्या अक्षरात. माझं अक्षर कसं आहे हे मलाच आठवावं लागलं. दोन कागद वाया गेले. तिसरा बरा उतरला.

पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याची जागा असते. नऊ वर्षं तिथे मंडळाचा शिक्का मारत आले. आज शिक्का परत देऊन टाकलाय, म्हणून नाव लिहिलं, गल्ली लिहिली, घर क्रमांक लिहिला. बाबा शेजारी बसून शाई वाळायची वाट बघत होते. म्हणाले, "वरच्या बाजूला फुंकर घाल, तिथे ओली आहे." मग स्वतःच घातली.

टपालात टाकून आले. सिबूला पोहोचायला अठरा दिवस लागतात, तिथून यायला अठरा. म्हणजे छत्तीस, त्यानं त्याच दिवशी उत्तर लिहिलं तर. नाही लिहिलं तरी चालेल असं इथे लिहिणार होते, पण ते खोटं आहे.